टेमर नदीच्या पलीकडे

मी मूळची रत्नागिरीकडची. समुद्र बघायला पैसे खर्चून जायचं असतं, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण इंग्लंडच्या ऐन पोटात, सगळेच किनारे लांब अशा गावात वर्षानुवर्षं राहिलं की माणूस बदलतो. १९९२ च्या उन्हाळ्यात ह्यांनी टूम काढली, "कॉर्नवॉलला जाऊ या. तुझ्या माहेरासारखं आहे म्हणतात." मागच्या सीटवर दोन मुलं, डब्यात दशम्या आणि बटाट्याची भाजी, असे आम्ही पेन्झन्सला एका घरगुती बी अँड बीमध्ये उतरलो. मालकीणबाईंनी चहाचा ट्रे ठेवला आणि विचारलं, "इंग्लंडहून आलात का?"

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग आपण आता आहोत तरी कुठे?

बाईंच्या दृष्टीने इंग्लंड टेमर नदीपाशी संपत होतं. नकाशा पाहिला तर त्यांचं फारसं चुकत नाही. कॉर्नवॉलच्या तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला ही टेमर. ती उगम पावते उत्तर किनाऱ्यापासून जेमतेम सहा किलोमीटरवर आणि सगळी काउंटी ओलांडून दक्षिणेला प्लिमथपाशी समुद्राला मिळते. थोडक्यात, बेट व्हायचं तेवढं राहून गेलं. ९३६ साली अ‍ॅथलस्टन राजाने हीच नदी हद्द ठरवली आणि १८५९ मध्ये ब्रुनेलच्या पुलावरून आगगाडी पलीकडे गेली. इथले लोक आपल्या प्रदेशाला 'कर्नो' म्हणतात. काळ्यावर पांढरा क्रॉस असलेला सेंट पिरनचा झेंडा दुकानादुकानांवर असतो. वस्ती सगळी मिळून सहा लाखांच्या आतच.

ह्यांचं म्हणणं मात्र खरं निघालं. जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट धरला, तर बाकी कोकणच! वर उघडाबोडका सडा, खाली खाचाखोचांत कोळ्यांची बंदरं, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं असे रस्ते. मॅराझिअनपाशी सेंट मायकल्स माउंट आहे. ओहोटीला चालत जायचं, भरती आली की होडी. मुलांना म्हटलं, "आपल्या अलिबागचा कुलाबा किल्ला आठवतो ना?" त्यांना आठवत नव्हता. ती तिथे कधी गेलीच नव्हती.

पण खरं साम्य निसर्गात नाही, माणसांत आहे. कोकणाने मुंबईला माणसं पुरवली, कॉर्नवॉलने सगळ्या जगाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांब्याच्या खाणींमुळे इथे बरे दिवस होते. १८६६ च्या सुमाराला तांबं कोसळलं, मागोमाग परदेशातल्या स्वस्त कथिलाने इथल्या कथलाचाही भाव पाडला. मग खाणकामगार निघाले: ऑस्ट्रेलिया, मिशिगन, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका. जिथे जमिनीत भोक, तिथे कॉर्निश माणूस! जगभर त्यांना 'कझिन जॅक' हे नाव पडलं. त्यांतले काही आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही होते. आमच्या मालकीणबाईंचे आजोबा त्यांतलेच एक. "दर महिन्याला पैसे यायचे," त्या म्हणाल्या, "आजोबा मात्र आईने दोनदाच पाहिले." हे वाक्य मी आमच्या वाडीत किती घरांतून ऐकलं असेल!

त्यांनी निघताना आम्हांला पेस्टी बांधून दिली, आमच्यासाठी मुद्दाम चीज-कांद्याची. खरी पेस्टी गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाच्या कंदाची. खाणकामगाराचा हा डबाच. कथलाच्या खाणीत आर्सेनिक असे, म्हणून हात लागलेली जाड कड टाकून द्यायची, असं सांगतात. २०११ पासून 'कॉर्निश पेस्टी' या नावाला भौगोलिक संरक्षणही आहे. मी ती हातात घेतली आणि कडेला पाहिलं, तर चक्क मुरड! आपण निरोपाच्या वेळी गौरीला मुरडीचा कानवला दाखवतो, लेकीलाही देतो, पुन्हा मुरडून यावं म्हणून. इथे मुरड रोजची, पण गेलेले फारसे मुरडून आले नाहीत. मेक्सिकोत पाचूकाच्या आसपास 'पास्ते' अजून मिळतात म्हणे. माणसं विरघळून गेली, खाणं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोर्थकर्नोची चिमुकली वाळू पाहिली. जून १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेली तारेची केबल इथे किनाऱ्याला लागली. लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असं करत ही साखळी थेट मुंबईला पोचत होती. पूर्वी आठवडे लागणारी बातमी मिनिटांत जाऊ लागली. माझ्या लहानपणी वाडीत तार आली की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. त्या रडण्याचं एक टोक या वाळूत होतं, हे मला कुठे ठाऊक!

त्यानंतर थेट गेल्या वर्षी गेले. हे आता नाहीत. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात बरोबर होती. मालकीणबाईंचं घर सुट्टीत भाड्याने देण्याचं झालं होतं. तशी घरं गल्लोगल्ली. आपल्याकडे कुलूप लावून घरचा माणूस मुंबईला जातो. इथे कुलूपच लंडनवाल्याचं आणि गावचा तरुण भाडं परवडत नाही म्हणून बाहेर. सेंट आइव्ह्जच्या लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून ठरवलं, नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच. आमच्यासारख्या पाहुण्यांना इथे 'एमेट' म्हणतात, म्हणजे मुंग्या. रागावण्यात अर्थ नाही.

माउजल गावाजवळ पॉलच्या चर्चच्या भिंतीत एक शिळा आहे, डॉली पेंट्रीथची. मासे विकणारी बाई, १७७७ मध्ये वारली. कॉर्निश भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिच्यानंतरही भाषा थोडीफार येणारे होते, पण नाव तिचंच झालं. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादलं, तेव्हा कॉर्नवॉलने बंड केलं आणि ते चिरडलं गेलं. पुढे देवळात इंग्रजी, बाजारात इंग्रजी. आणि कॉर्निश गावागावाने पश्चिमेला सरकत सरकत या टोकाला येऊन संपली.

नातीने विचारलं, इंग्रजीतच, "मग ती बोलायची कोणाशी?"

मुलगा म्हणाला, "शेजाऱ्यांशी असेल." मी काहीच बोलले नाही. हे गेल्यापासून माझ्या घरात मोठ्याने मराठी बोललं जातं ते देवापुढे आणि कुकरची शिट्टी झाली की स्वतःशी. मुलाशी मी बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. लहानपणी शाळेत मागे पडू नये म्हणून त्याच्याशी इंग्रजी बोलायला आम्हीच सुरुवात केली होती. आमच्यावर काही कुणी प्रार्थनापुस्तक लादलं नव्हतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निश शिकण्याचं पुस्तक काढलं, लोक पुन्हा शिकू लागले. २००२ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. २०१० मध्ये युनेस्कोने 'नामशेष' हा शिक्का काढला. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. भाषा धडपडत उभी राहिली आणि लगेच शुद्धलेखनावरून तट पडले! २००८ मध्ये कसाबसा एक मसुदा मान्य झाला. आपल्याला हे मुळीच नवीन नाही.

परतल्यावर मी ठरवलं: दर शनिवारी नातीशी अर्धा तास फोन, फक्त मराठीत. पहिले दोन शनिवार पाच मिनिटांत गप्पा संपल्या. आता वीस मिनिटं चालतं. फोन उचलला की ती म्हणते, "आजी, मी आली."

मी सुधारत नाही. शुद्धलेखनाचं नंतर बघू.