आतली गळती

संपादकांनी तुमच्या कामाबद्दल सोपं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा याच उन्हाळ्यातली एक केस माझ्या डोक्यात घोळत होती. ओहायोचा दक्षिण भाग म्हणजे सगळा टेकड्यांचा मुलूख. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांचा गवत कापायचा ट्रॅक्टर सकाळी झकास चाले, पण तापला की चढावर दम सोडी. इंजिनाचा आवाज मात्र तसूभरही पडत नसे. थंड झाला की पुन्हा सुरळीत. कुणी बेल्ट बदलायला सांगितलं होतं, कुणी घट्ट ऑइल घालायला. दोन्ही करून झालं होतं.

या ट्रॅक्टरला क्लच दाबून गिअर बदलणं हा प्रकारच नाही. इंजिन पंप फिरवतं, पंप दाबाखाली ऑइल मोटरकडे ढकलतो आणि मोटर चाकं फिरवते. याला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात, आणि हा सगळा संच म्हणजे युनिट. पंपातले छोटे पिस्टन एका तबकडीवर टेकलेले असतात; तिला म्हणायचं स्वॉशप्लेट. पेडल दाबलं की ती कलते, पिस्टनचा स्ट्रोक वाढतो, जास्त ऑइल जातं आणि वेग वाढतो. तबकडी सरळ असेल तर ट्रॅक्टर उभा, उलट कलली तर रिव्हर्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौकांवरच्या तोफा वळवायला हेच तत्त्व वापरलं गेलं. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या काँक्रीट मिक्सरचा ड्रमही अशाच पंप-मोटरच्या जोडीवर फिरतो.

खरी मेख आहे ती फटीत. पिस्टन आणि त्याचं भोक यांच्यात काही मायक्रॉनची फट असते. तिच्यातून थोडं ऑइल गळायलाच हवं, तेच वंगण. झिजेने फट वाढते, आणि गळती वाढते ती फटीच्या घनाच्या प्रमाणात. फट दुप्पट झाली की गळती आठपट! ऑइलचा घट्टपणा दुप्पट केला तर ती फार तर निम्मी होते, म्हणजे मूळच्या चौपट उरतेच. घट्ट ऑइलाचा सल्ला देणाऱ्यांनी एवढं गणित तरी करावं. शिवाय थंडीत असलं ऑइल पंपाला नीट खेचता येत नाही, आत बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू खाल्ला जातो. एखादा हंगाम निघतो, नाही असं नाही. पण त्या हंगामात उरलंसुरलं युनिटही संपतं.

'सील्ड आहे, ऑइल कशाला बदलायचं?' हे वाक्य ऐकून तर मी थकलो आहे. बऱ्याच छोट्या युनिटांना खाली ड्रेन प्लगच नसतो, त्यामुळे लोकांचा तसा समज होतो. पण गिअर आणि पंप एकाच ऑइलात बुडालेले असतात. युनिट उघडलं की आतल्या चुंबकावर काजळासारखा लगदा दिसतो. तो गिअरांचा चुरा. चुंबकाने धरला नाही तो पिस्टनच्या वाटेने गेलेला असतो.

ऑइल तापून पातळ झालं की गळती वाढते, म्हणून तपासणी गरम ट्रॅक्टरवरच करायची. मी सीटखाली मोबाइल घट्ट बांधतो, पंपाच्या पुलीवर कॅमेरा रोखतो आणि ट्रॅक्टर चढावर नेतो. चढावर पुली अडखळली तर दोष बेल्टचा, बेल्ट ताणून धरणाऱ्या आयडलरचा किंवा त्याच्या स्प्रिंगचा. पुली पूर्ण वेगात आणि चाकं ढिम्म, तर आधी बायपास लिव्हर (ऑइल मोटरला वगळून परत फिरवणारा) अर्धवट उघडा नाही ना, चाक अॅक्सलवर पक्कं धरणारी की तुटली नाही ना, कूलिंग फॅन आणि फिन्समध्ये गवत तुंबलं नाही ना, हे पाहायचं. इथे सगळं ठीक होतं. गळती आतच होती, आणि ती जमिनीवर थेंब पाडत नाही.

युनिट बदलणं मेहनतीचं, पण सरळ काम. मागची बाजू स्टँडवर घ्यायची, चाकं, बेल्ट, ब्रेक आणि पेडलचे रॉड सोडवायचे, बोल्ट काढून युनिट खाली घ्यायचं. घाई होते ती हवा काढताना. चाकं अधांतरी ठेवून आधी बायपास उघडा, मग बंद, असं पेडल सावकाश पुढेमागे करत राहावं लागतं. हे टाळलं की ऑइलाला फेस येतो, युनिट कण्हतं आणि नव्या मालाला शिव्या बसतात.

सरांच्या ट्रॅक्टरवर पुन्हा त्याच क्षमतेचं युनिट चढवलं. दणकट युनिटला त्या चेसिसवर जागाच नव्हती, आणि नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर त्यांचा खिसा परवानगी देत नव्हता. पहिलं ऑइल लवकर बदला, उतारावर ट्रेलर ओढू नका, असं बजावलं आहे. पण उतार तोच, वजन तेच. हे युनिटही याच वाटेने जाईल असं मला वाटतं, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.