ओहोटीची वेळ विचारून



गेल्या महिन्यात आम्ही दोघं हरिहरेश्वरला जाऊन आलो. निघायच्या आदल्या दिवशी सूनबाईचा फोन आला. तिला सातवा महिना आहे. "आई, नोकरी सोडू का?" मी पटकन म्हणाले, "सोड की. नंतर बघता येईल." १९८१ मध्ये बी.कॉम. झाल्यावर मला नोकरीचं पत्र आलं होतं, तेव्हा घरचेही हेच म्हणाले होते. ते 'नंतर' काही आलं नाही.

हरिहरेश्वरला ज्यांच्या घरी उतरलो, त्या ताईंना आमचे नियम आधीच कळवले होते. सूर्यास्ताआधी पान वाढलं: कच्च्या केळ्याची भाजी, आमटी-भात, बिनलसणाची सोलकढी. मग गप्पा निघाल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची नारळ-पोफळीची वाडी आडवी झाली. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात.

"म्हणून पाहुणे ठेवायला लागलात?"

"नाही काकू. आधी चार वर्षं शनिवार-रविवारी दोन खोल्या देतच होते. ते पैसे माझ्या खात्यात वेगळे ठेवलेले. वादळानंतर पाहुणे परत येईपर्यंत त्यावरच घर चाललं. आता गुडघे दुखतात. पुढे स्वयंपाकाला बाई ठेवीन, मी हिशेब बघीन. तो तेवढा शिकवता का?"

त्या संध्याकाळी मी वहीत घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा मांडून दाखवला. इतक्या वर्षांनी माझं बी.कॉम. कामाला आलं!

सकाळी देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेने पायऱ्या उतरून समुद्राच्या खडकांवर गेलो. ही वाट ओहोटीलाच चालता येते, म्हणून ताईंनी वेळ आदल्या रात्रीच सांगून ठेवली होती. वाटलं, कामातले बदलही असेच. पाणी चढल्यावर वाट शोधून उपयोग नाही.

आपल्या समाजातले कर्मवीर भाऊराव पाटील आधी कंदील आणि नांगर विकत फिरत. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. एकाने वाट बदलली की दुसऱ्याच्या गाठीशी काही असावं लागतं. परिग्रह-परिमाण म्हणजे मर्यादा, रिकामे हात नव्हेत.

तिथूनच सूनबाईला फोन लावला. "माझं चुकलं. लगेच राजीनामा देऊ नकोस. कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तुला कशी लागू होते ते ऑफिसात विचार. घरून काम मिळतं का तेही बघ. सोडायचंच ठरलं, तर सहा महिन्यांचा खर्च तुझ्या नावावर ठेव आणि परत कधी, कशी जाणार ते आधी लिहून काढ. बाळाला मी सांभाळीन."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तुमचं ते पत्र अजून आहे?"

आहे. कपाटात, शालूखाली.

मैत्रिणींनो, सुना-लेकींना "सोड की" म्हणण्याआधी एकदा आपलं कपाट उघडून बघा.