बिनपावलांचा चोर

चोर या प्राण्याविषयी मला लहानपणापासून एक प्रकारचे कुतूहल वाटत आले आहे. पेणच्या आमच्या जुन्या घरी निजानीज झाली की आई दाराला कडी घाली, अडणा सरकवी आणि दाराला अगदी लागून पितळेचा तांब्या ठेवून त्यावर फुलपात्र उपडे घाली. चोराने दार ढकलले की भांडे गडगडावे आणि घर जागे व्हावे, अशी ती योजना. त्या भांड्याने इतक्या वर्षांत एकही चोर पकडून दिला नाही; मांजरे मात्र पुष्कळ पकडली. तरी त्या व्यवस्थेत एक दिलासा होता. चोर येणार तो पावलांनी येणार, दारातून नाही तर कौले काढून येणार, आणि माणसाला नाही तरी कुत्र्याला भिणार, असे आम्ही सगळे धरून चालत होतो. चोराला पाय असतात, या एका गृहीतावर गावातली कुलुपे, गुरखे आणि माझ्या एका कादंबरीतले अख्खे दुसरे प्रकरण उभे होते.

हल्लीचा चोर पावलांनी येत नाही. तो खिशातल्या यंत्रातून येतो, भर दुपारी येतो, तुम्हांला नावाने हाक मारतो आणि बहुधा फार अदबीने बोलतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत असल्या बातम्यांचे वाचन रोज मधल्या सुट्टीत होते. बातमी संपली की कोणी तरी हमखास म्हणतो, "हावरटपणा, दुसरे काय!" आणि आम्ही सगळे, आपण हावरट नाही या समाधानात, चहाचे कप खाली ठेवतो. फसणारा माणूस एक तर लोभी असतो किंवा अडाणी, ही समजूत शिकलेल्या लोकांना फार सोयीची आहे. गेल्या वर्षापर्यंत मलाही ती वावगी वाटत नव्हती.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीत मी रोह्याला मामांकडे गेलो होतो. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. धाटावच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली. बाजारातून आले की पिशवी खाली ठेवण्याआधी उरलेली मोड मोजणारा माणूस. लोभ म्हणावा तर जेवणानंतरच्या सुपारीपलीकडे नाही. मामी आत मोदकांची उकड काढत होत्या. मामा माझ्याजवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "काय रे, पाटल्यांना हल्ली काय भाव येईल?"

मामींच्या त्या पाटल्या मी जन्मापासून त्यांच्याच हातांत पाहत आलो आहे. मी मामांकडे पाहिले. त्यांनी मान फिरवली.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. अकरा दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता. तुमच्या आधार क्रमांकावर मुंबईत एक खाते उघडले आहे, त्यातून काळा पैसा फिरला आहे, तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे. पुढे फोनच्या काचेवर चित्र उमटले: गणवेशातला अधिकारी, मागे राजमुद्रा, शेजारी झेंडा. तुमच्या वयाकडे पाहून तुम्हांला घरातच अटकेत ठेवतो, म्हणाला. फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही. दोन दिवस मामा त्या चित्रासमोर बसून होते. साहेब, आंघोळीला जाऊ का, असे विचारून ते आंघोळीला गेले. मामींना त्यांनी सांगितले की पेन्शनच्या कागदांचे काम चालले आहे.

मामांचे हे वागणे मला पुढे कितीतरी दिवस उलगडत राहिले. रोहे हे असे गाव आहे, की जिथे दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुकांनिशी देवाला मानवंदना देतात. ज्या गणवेशाला मामांनी वर्षानुवर्षे देवापुढे सलामी देताना पाहिले, त्याच्या खरेपणाची चौकशी करायची असते, हे त्यांना कोणी शिकवले होते? आणि चोर काही कमी हुशार नव्हता. तुमचे पैसे रिझर्व्ह बँक तपासून पाहील, स्वच्छ निघाले की तीन दिवसांत परत, असे त्याने सांगितले. रोह्याच्या माणसाला रिझर्व्ह बँक परकी नाही. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यातले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय गावात आहे. चिंतामणरावांच्या बँकेत पैसे जायचे, मग भ्यायचे कशाला? मामांनी ठेव मोडली. बँकेतल्या मुलीने विचारलेदेखील, "आजोबा, एवढी रक्कम कोणाला?" मामा म्हणाले, "पुतण्याला जागा घ्यायची आहे." एवढे मोठे खोटे ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील, आणि तेही चोराने पढवलेले. अकरा लाख चाळीस हजार रुपये गेले.

फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला हे सांगितले होते. मामांनी तो कार्यक्रम ऐकला होता! "पण तो लोकांसाठी होता रे," ते म्हणाले, "मला तर खरा फोन आला होता."

मला राहून राहून नवल वाटते ते पुढच्या अकरा दिवसांचे. पूर्वी घरी चोरी झाली की घरधनी चोर, चोर म्हणून ओरडत अंगणात येई. आळी गोळा होई, कोणी कंदील आणी, कोणी काठी. आता चोर उजळ माथ्याने फिरतो आणि ज्याची चोरी झाली तो तोंड लपवून बसतो. मामा म्हणाले, "लोक म्हणतील, हिशेबनिसाला हिशेब कळला नाही." ते अकरा दिवस त्यांनी चोराच्या स्वाधीन केले, आणि चोराला पैशाखालोखाल हवे असते ते हेच.

कारण या धंद्यात वेळ मिनिटांनी मोजतात. लुटलेली रक्कम पहिल्या खात्यात राहत नाही. ती तिथून पाच, पाचातून पंचवीस खात्यांत पांगते आणि शेवटी कुठे तरी रोकड होऊन निघून जाते. १९३० हा क्रमांक सरकारने एवढ्याचसाठी ठेवला आहे. तक्रार लागलीच गेली तर बँका एकमेकींना कळवून वाटेतल्या खात्यातच रक्कम अडवू शकतात. आम्ही त्याच संध्याकाळी फोन लावला, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. एका परप्रांतीय खात्यात मामांचे चोवीस हजार रुपये अडकलेले सापडले. बाकीचे पक्षी केव्हाच उडाले होते. ते चोवीस हजारही न्यायालयाच्या हुकुमाशिवाय हाती येणार नव्हते. ठाण्यातल्या साहेबांनी मामांना आधी चहा दिला आणि मग जबाब घेतला. खरा गणवेश त्या दिवशी मामांना फार दिवसांनी दिसला.

कायदा नाही असे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आहे. पुढे २००८ ची दुरुस्ती झाली. दुसऱ्याची ओळख चोरली तर ६६-सी, दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवले तर ६६-डी. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. तपास निरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, आणि तालुक्याच्या ठाण्यात असे अधिकारी असतात तरी किती? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले, की खात्यातून परस्पर पैसे गेले, त्यात ना बँकेची चूक ना खातेदाराची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर खातेदाराला तोशीस लागू नये. नियम चांगला आहे. मात्र मामांचे पैसे परस्पर गेले नव्हते. त्यांनी स्वतः, चष्मा पुसून, सही करून दिले होते.

कायदा जागा असतो तेव्हा तो नेहमी चोराच्याच मागे धावतो असेही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली. तिथे पोलिसांना काही उशीर झाला नाही! त्यात वापरलेले ६६-ए हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले, हे फार चांगले झाले. जो कायदा दोन मुलींपर्यंत एका दिवसात पोचतो, त्याने लुटारूच्या बाबतीत निदान तितकी तरी घाई करावी, एवढेच माझे म्हणणे.

आणि बिनपावलांच्या चोरालाही कुठे तरी पाऊल टेकावे लागते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट पुष्कळांच्या लक्षात असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये कोणी तरी दूर बसून बँकेच्या एटीएमच्या यंत्रणेत शिरले आणि ९४ कोटींहून अधिक रुपये लांबवले. खोट्या कार्डांनी काही तासांत अठ्ठावीस देशांत पैसे निघाले. ज्याने हे रचले त्याचा चेहरा कोणी पाहिला नाही. पण कार्ड यंत्रात घालून नोटा काढायला माणसेच लागली. ती कॅमेऱ्यात दिसली, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. चोर परक्या मुलखात असला तरी त्याला पावले लागतात, आणि ती तो भाड्याने घेतो.

ही भाड्याची पावले कोणाची असतात, हे मला यंदा पेण स्टेशनावर कळले. मी रोह्याच्या गाडीची वाट पाहत होतो. माझा एक जुना विद्यार्थी भेटला. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा, हाताने गुणी मुलगा. गणपतीनंतर काम मंदावते, सध्या काय करतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, "सर, बरं चाललंय. काही करावं लागत नाही. एका ओळखीच्याला बँकेचं खातं वापरायला दिलंय. कार्ड त्याच्याकडे, सिमकार्ड त्याच्याकडे. महिन्याला पाच हजार."

"खात्यात काय येते, पाहतोस का?"

"आपल्याला काय करायचंय, सर? पैसे त्याचे."

पेणच्या मुलाने हे बोलावे! २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि खोट्या नावांच्या कर्जखात्यांतून कोट्यवधी रुपये गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा हा पोरगा माझ्या वर्गात होता. मुलींच्या लग्नांसाठी ठेवलेले, मूर्ती विकून साठवलेले लोकांचे पैसे अडकले. ठेवीदारांनी संघर्ष समिती काढली, मोर्चे काढले. त्याची आजी हातात पासबुक घेऊन त्या मोर्च्यात चालली होती. मी तिला पाहिले आहे. दुसऱ्याच्या नावाचे खाते काय करू शकते, हे तिला त्याने घरी बसून विचारले असते तरी पुरे होते.

मी त्याला मामांची हकीकत सांगितली. पाटल्यांपाशी आलो तेव्हा तो खाली रुळांकडे पाहू लागला. त्या पंचवीस खात्यांतले प्रत्येक खाते अशाच कोणा मुलाचे असते, आणि पोलीस दारात येतात ते खात्यावरच्या नावाच्या, असेही सांगितले.

"पण माझा गुन्हा काय, सर? मी तर कोणाला फोनसुद्धा केला नाही."

"नाही केलास. आजच बँकेत जाऊन खाते बंद करायला सांग. आणि मग ठाण्यात जाऊन त्या ओळखीच्याचे नाव सांग."

तो बराच वेळ गप्प राहिला. नखांत अडकलेला सोनेरी रंग दुसऱ्या नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "घरी कळेल ना, सर? आजीला."

अगदी मामांचाच प्रश्न, फक्त वय निराळे.

"कळेल," मी म्हणालो.

कासूच्या दिशेने जाणारी गाडी फलाटाला लागली. माणसे चढली, उतरली. मामींच्या मोतीबिंदूचे कागद माझ्या पिशवीत होते, पण ते संध्याकाळच्या गाडीने गेले असते तरी चालण्यासारखे होते. मी पिशवी बाकावरून उचलली आणि त्याला विचारले, "तुझी बँक किती वाजेपर्यंत उघडी असते?"