नवीन पान पिवळं, की जुनं?

आमच्या घरच्या फोनची स्क्रिप्ट ठरलेली आहे. 'जेवलीस का?' 'हो.' 'तब्येत?' 'बरीय.' 'ठेवू मग?' चाळीस सेकंदांत खेळ खल्लास! आण्णा, म्हणजे माझे वडील, कासुर्डीत ऊस लावतात. सोलापूर हायवेने लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरळी कांचन मागे टाकलं की आलंच आमचं गाव. अंतर जेमतेम तासाभराचं, पण बोलायला विषय नाही. आणि जो होता, तो मला काढायचा नव्हता. चार महिन्यांपूर्वी मी पर्मनंट नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं आणि घरी पत्ता लागू दिला नव्हता.

अशात माझी झाडं पिवळी पडायला लागली.

खराडीतल्या माझ्या वन बीएचकेत दोनच झाडं. हॉलमध्ये पीस लिली आणि बाल्कनीत जास्वंद. जास्वंद दिवाळीत आण्णांनीच सोरतापवाडीच्या एका नर्सरीतून घेऊन दिलेली. पिवळं पान दिसल्यावर आपण सगळे जे करतो तेच मीही केलं. नेटवर दहा उपाय वाचले आणि दहाही केले. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, खत, आणि पाणी तर विचारूच नका. एखादा लेख रिजेक्ट झाला की एक मग लिलीला! परिणाम? आणखी पानं लोळली. शेवटी फोटो काढून आण्णांना व्हॉट्सअ‍ॅप केले. दोन मिनिटांत फोन.

'नवीन पानं पिवळी पडल्यात का जुनी?'

मी गप्प. एवढे उपाय केले, पण हे काही बघितलं नव्हतं.

'बघून सांग. मी धरतो फोन.'

लिलीची खालची, जुनी पानं गेली होती. मऊ, लोळागोळा. 'आता मातीत बोट घाल. दोन पेरं.' घातलं. चिखल! 'पाणी जास्त झालंय. मुळाला हवा लागती पोरी.' माती सतत ओली राहिली की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड तहानल्यासारखं मान टाकतं. आणि आपण? आणखी पाणी घालतो! कुंडी उपडी केली तर निम्मी मुळं काळी, वास मारणारी. ती कापली, भोकं असलेल्या कुंडीत कोकोपीट आणि जाड वाळू मिसळलेली नवी माती भरली.

जास्वंदीचं उलटं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. 'केवडा पडलाय,' आण्णा म्हणाले. उसावर पडतो तोच. जमिनीत लोह असतं, पण चुनखड जास्त असली की ते मुळांना घेता येत नाही. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला होताच. लोह जुन्या पानातून नव्याकडे सहज सरकत नाही, म्हणून उपासमार कोवळ्या पानाची होते. नत्राचं बरोबर उलट. ते कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं आणि खालची पानं पिवळी पडतात.

'ऊन किती वाजता येतं तिथं?'

'साडेअकरा ते दोन,' मी लगेच सांगितलं.

फोनवर शांतता.

'तुला कसं ठाऊक? त्या टायमाला तर तू हापिसात असतीस.'

सापडले! मग सगळं सांगितलं. नोकरी, राजीनामा, खोटं बोलणं. आता ऐकावं लागणार म्हणून डोळे मिटून बसले. आण्णांनी इतकंच विचारलं, 'पैसं वेळेवर मिळत्यात का?'

'कधी कधी.'

'मग आमच्या उसासारखंच की!' आणि हसले. तो फोन पंचवीस मिनिटं चालला.

तुमच्याकडे आण्णा नसतील, म्हणून त्यांची प्रश्नपत्रिका इथे देते. उपाय करण्याआधी सोडवा.

खालचं एखादंच पान पिवळं? म्हातारं झालंय. काढून टाका, टेन्शन घेऊ नका.

पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत? पाण्यातले क्षार किंवा एसीची कोरडी हवा. आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत ओतू नका, त्यात क्षार जास्त असतात.

देठापाशी कापसासारखे पांढरे पुंजके, पान चिकट? पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि लिक्विड सोपचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. आणि हे झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा.

पानावर बारीक फिकट ठिपके, खाली जाळी? कोळी. पानांची खालची बाजू पाण्याने स्वच्छ धुवा.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या? चिलेटेड लोहाची फवारणी, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच.

आणि एका वेळी एकच उपाय. नाहीतर कशाने बरं झालं, कशाने बिघडलं, कळणार कसं?

लिलीची सहा पानं गेली. पिवळी झालेली पुन्हा हिरवी झाली नाहीत, पण मधून दोन नवी आली आहेत. जास्वंदीचा शेंडा तीन आठवड्यांत हिरवा झाला. आईला नोकरीचं अजून पटलेलं नाही. ते सावकाश होईल.

परवा आण्णांनी आपणहून एक फोटो पाठवला. बांधाकडच्या उसाचा, पिवळट. खाली एक अक्षर नाही. एरवी मी अंगठा दाखवून मोकळी झाले असते. या वेळी फोन लावला आणि विचारलं, 'आण्णा, नवीन पानं पिवळी पडलीत का जुनी?'