कपिलधारचा पिवळा दिवा

बीडहून सोलापूरकडे निघालें म्हणजे मांजरसुंब्याचा घाट लागतो. तेथून आडरस्त्यानें बालाघाटाच्या डोंगरांत शिरलें कीं कपिलधार येतें. कपिल मुनींनीं येथें तप केलें, असें लोक सांगतात. तथापि या स्थानाची थोरवी 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांच्या समाधीमुळें आहे. कार्तिकी पौर्णिमेस वीरशैव लिंगायत भाविकांच्या दिंड्या येथें दूरदूरहून येतात. ती गर्दी ओसरल्यावर निवांत दर्शन घ्यावें आणि पुढें तुळजापुरास वहिनींचा नवस फेडावा, असा आमचा बेत होता. वहिनी, पुतण्या, सूनबाई, नात व मी असे पांचजण होतों. वहिनींना गुडघ्यांमुळें जिने चढवत नाहींत, म्हणून पुतण्यानें चालतें घरच भाड्यानें आणलें होतें. डिझेलवर चालणारी लांब गाडी. आंत बिछाने, ओटा, पाण्याची टांकी व शीतकपाट.

कड्यावरून कुंडांत पडणारी धार, तिचा एकसारखा नाद आणि समाधीपुढची शांतता यांत दोन दिवस कसे गेले तें कळलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं निघतांना पुतण्यानें किल्ली फिरविली आणि त्याचा चेहरा उतरला. इंजिन सुरू झालें तरी दोन पिवळे दिवे विझेनात. एकावर इंजिनाची आकृति, दुसऱ्यावर ठिपके असलेली पेटी.

"भाऊजी, अपशकुन झाला. तुळजापूर राहूं द्या आतां," वहिनी म्हणाल्या.

दिवा दिसतांच आधीं त्याचा रंग पाहावा. तेलाचा वा उष्णतेचा तांबडा दिवा लागला, तर तेथल्या तेथें इंजिन बंद करावें. पिवळा दिवा बहुधा विचार करण्यास अवकाश देतो. पुतण्यानें सुकाणूखालच्या सोळा छिद्रांच्या खोबणींत आंगठ्याएवढें यंत्र बसविलें, तों फोनवर 'पी २४६३' असा संकेत उमटला. ही भाषा व्याकरणाच्या सूत्रांसारखी आटोपशीर आहे. 'पी' म्हणजे दोष इंजिन वा गिअर यांच्या वर्गांतला. 'बी' असतें तर गाडीच्या अंगाचा, 'सी' असतें तर चाकें-ब्रेक यांचा, 'यू' असतें तर आंतील गणकयंत्रांच्या परस्पर संभाषणाचा. पुढील २ म्हणजे संकेत सर्व कंपन्यांस समान. त्या जागीं १ असता, तर तो त्या कंपनीचा खास. ४ हा अंक धुराच्या शुद्धीकरणाचा. अखेरचे दोन अंक नेमकी तक्रार सांगतात. धुराच्या गाळणींत काजळी सांचली होती. १ एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांस भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. तेव्हांपासून ही गाळणी बहुतेक गाड्यांच्या धुराड्यांत असते.

रस्त्यावरचा एक कारागीर म्हणाला, "संकेत पुसून टाकतों, दिवा लगेच जाईल. पुन्हा आला तर गाळणीच कापून काढूं." पुतण्या राजी होऊं लागला. मीं म्हटलें, "अरे, ज्वर आला म्हणून थर्मामीटर फोडतोस काय?"

मला वैद्यकांतील निदानपंचक आठवलें. दिवा हें केवळ रूप, म्हणजे लक्षण. घाट चढतांना गाडी कष्टी वाटत होती, तें पूर्वरूप. निदान, म्हणजे मूळ कारण, आमच्याच हातून घडलें होतें. बॅटरी भरावी व शीतकपाट चालावें म्हणून सकाळ-संध्याकाळ तास-तासभर इंजिन जागच्या जागीं चालू ठेवलें होतें. आणि ही युक्ति माझीच! संप्राप्ति अशी कीं, काजळी जळून जाण्यास गाळणी सुमारें ६०० अंश सेल्सिअस तापावी लागते. उभ्या गाडीचा धूर तितका तापत नाहीं. राहिला उपशय, म्हणजे उपचार करून रोगाची खात्री करणें.

काजळी जाळण्यासाठीं इंजिन जादा डिझेल सोडतें. हें काम वारंवार अर्धवट राहिलें, तर तें डिझेल तेलांत उतरून तेलाची पातळी वाढते. म्हणून प्रथम तेलाची कांडी काढून पाहिली. पातळी खुणेच्या आंत होती. पुतण्या म्हणाला, "काका, इथेंच उभ्यानें इंजिन वाढवूं का?" मीं चाकांखालचें वाळलेलें गवत दाखविलें. त्या वेळीं धुराडें इतकें तापतें कीं गवत पेटावें. पेटीचा दिवा स्थिर असल्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर सतत चालवावी, लुकलुकूं लागल्यास कारखाना गांठावा, असें गाडीच्या पुस्तिकेंतही होतें.

महामार्गास लागून चौसाळ्याच्या दिशेनें ताशीं ६०-७० किलोमीटर वेगानें, एक गिअर खालीं ठेवून, पंचवीस मिनिटें न थांबतां गेलों. पेटीचा दिवा विझला. इंजिनाचा दिवा मात्र राहिला. दोष पुन्हा न आढळल्यास तो कांहीं फेऱ्यांनंतर आपोआप जातो. वहिनींनीं तुळजापुरास ओटी भरली, आणि परतीच्या वाटेवर तोही दिवा गेला.

गाडी परत करतांना मालकास सारी हकीगत, माझ्या चुकीसह, सांगितली. संकेत पुसून टाकला असता, तर त्याला कांहीं कळलें नसतें. आणि तीच तुंबलेली गाळणी घेऊन पुढचें कुटुंब एखाद्या घाटांत अडकलें असतें.