पान कुठे थांबवायचं

वाण्याच्या दुकानात चहा सुटा मिळायचा तेव्हा चहाचे प्रकार किती, या प्रश्नाला सोपं उत्तर होतं. दोन: ममरी आणि डस्ट. ममरीच्या दाण्याला चव, डस्टला रंग. म्हणून गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून नेई, आणि कोणत्या घराला डस्ट किती लागते हे वाण्याला पाठ असे. “नेहमीचंच ना, काकू?” एवढं विचारून तो पुडी बांधायला घ्यायचा. आता त्याच रस्त्यावरच्या चकचकीत दुकानात पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा असे डबे मांडलेले दिसतात. विकणारा मुलगा इतक्या गंभीरपणे माहिती देतो की ही चार निरनिराळ्या झाडांची पानं असावीत असंच वाटतं.

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच्या मुख्य जाती दोन. एक चीनची, बारीक पानाची, थंडी सोसणारी. दुसरी आसामची, रुंद पानाची. आसामातले सिंगफो लोक हा चहा आधीपासूनच पीत होते. बांबूच्या नळीत भाजकी पानं ठासून ती चुलीवरच्या धुरात वाळवायची, अशी त्यांची रीत. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला तिथल्या चहाचा पत्ता लागला तो बेसा गाम या त्यांच्या प्रमुखामुळे. पुस्तकांत मात्र ‘शोध’ ब्रूसच्या नावावर लागलेला आहे.

मग इतके प्रकार होतात कसे? चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. चहाच्या पानाचंही तेच. पान दुखावलं की आतल्या पेशी फुटतात, त्यातलं विकर मोकळं होतं, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि हिरवं पान तांबूस व्हायला लागतं. चहा बनवणाऱ्याचं सगळं कसब या काळं पडण्याभोवती फिरतं. ते होऊ द्यायचं की नाही, आणि द्यायचं तर कुठवर?

हिरव्या चहात ते होऊच देत नाहीत. चीनमध्ये हांगझोऊजवळ लाँगजिंग बनवणारा कारागीर तापलेल्या कढईत उघड्या तळहाताने पानं दाबत, सरकवत राहतो. उष्णतेने विकर मरतं आणि पान चपटं होऊन तसंच हिरवं राहतं. जपानी लोक हेच काम वाफेवर करतात. म्हणून लाँगजिंगला खमंग भाजका वास येतो आणि सेन्चाला ओल्या पाल्याचा. आपल्याकडे ग्रीन टी कडू म्हणून बदनाम आहे, कारण आपण त्याच्यावर खळखळतं पाणी ओततो आणि फोनवर बोलत बसतो. पाणी सत्तर-ऐंशी अंशांचं हवं आणि दोन मिनिटांत पानं बाजूला काढायला हवीत. वजन उतरवण्यासाठी जे पितात त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. ते चवीसाठी पीतच नाहीत.

पांढऱ्या चहात तर माणूस फारसा हातच लावत नाही. लव असलेल्या कोवळ्या कळ्या खुडायच्या आणि वाळत घालायच्या, झालं. फुजियान प्रांतातल्या या चहाचे भक्त पुष्कळ आहेत. माझ्या जिभेला तो गरम पाण्याच्या जरा जास्तच जवळचा वाटतो.

खरी गंमत ऊलाँगमध्ये आहे. फुजियानच्या वुई डोंगरांत आणि तैवानात तो होतो. पानं आधी उन्हात मलूल करतात, मग बांबूच्या मोठ्या थाळ्यांत घालून हलवतात. हलवायचं, ठेवून द्यायचं, पुन्हा हलवायचं, असं रात्र रात्र चालतं. पानांच्या कडा एकमेकींवर घासून फुटतात, मधला भाग शाबूत राहतो. बनवणारा मधूनमधून थाळ्यात नाक खुपसून वास घेतो. सुरुवातीला कच्च्या पाल्याचा उग्र दर्प असतो, तो हळूहळू मावळतो आणि फुलांचा वास वर येतो. तो हवा तसा आला की पानं आगीवर जातात. घड्याळाचा इथे फारसा उपयोग नाही, कारण हवेतल्या दमटपणावर सगळं अवलंबून. हलक्या ऊलाँगचा चहा पिऊन झाल्यावर तळाशी उलगडलेलं पान बोटाने पसरून पाहावं: मध्ये हिरवं आणि कडेने तांबडी किनार.

काळ्या चहात पान पुरतं लालसर होऊ देतात. त्यातही दार्जिलिंगचा पहिला बहर वेगळाच. मार्चमधली ही पानं इतकी कडक सुकवतात की काळ्या चहाच्या नावाखाली विकली जाऊनही हिरवट दिसतात. दुसऱ्या बहराचं श्रेय तर किडीला आहे. मे-जूनमध्ये तुडतुडे पानातला रस शोषतात, झाड त्याला उत्तर म्हणून सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि चहाला द्राक्षासारखा वास येतो. विदर्भात कापसावर तुडतुडे दिसले की शेतकरी फवारणीचा पंप काढतो. दार्जिलिंगचा मळेवाला त्याच कुळातल्या किड्याच्या जिवावर किंमत वाढवून घेतो.

आणि आपली ममरी? १९३०च्या सुमाराला आसामात विल्यम मॅकर्चर यांनी दातेरी रुळांचं यंत्र बनवलं. पान त्यात चेंगरतं, फाटतं, वळतं आणि त्याचे दाणे होतात. ही सीटीसी पद्धत. एकही पेशी धड राहत नाही, म्हणून रंग झटकन उतरतो आणि थोडक्या पत्तीत जास्त कप होतात. चहाचे जाणकार या दाण्यांना खालच्या पंगतीत बसवतात. मला ते मुळीच पटत नाही. दुधातलं प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, त्यामुळे दुधापुढे टिकायचं तर चहा मुळात दांडगाच हवा. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात उकळून फडक्यातून पिळून घेतात तो चहा या दाण्यांशिवाय होणारच नाही. तिथे दार्जिलिंग टाकलं तर पैसेही जातील आणि चहाही.

युन्नानचा पुएर या सगळ्यांहून निराळा. वाफवून, वड्या थापून तो वर्षानुवर्षं मुरत ठेवतात आणि पुढचं काम जिवाणू-बुरशी करतात. जुन्या वडीला भाव जास्त. इथे थांबवायची घाई कुणालाच नसते.

गवती चहा या कुळातला नव्हे, ते नुसतं सुगंधी गवत. पण पावसाळ्यात त्याची पात आणि आलं पडल्याशिवाय घरात चहा होत नाही. आल्याचं मात्र एक पथ्य आहे. ते किसून आधी पाण्यात चांगलं उकळावं, दूध नंतर. आल्यातही एक विकर असतं, ते दुधाला फाडतं. उकळीने ते मरतं. लाँगजिंगवाला कढईत करतो तेच काम आपल्याकडे रोज सकाळी गॅसवर होतं. ग्वांगडाँगमध्ये मात्र ते मुद्दाम जिवंत ठेवतात. गरम, गोड दूध ताज्या आल्याच्या रसावर ओततात, ते काही मिनिटांत घट्ट होतं आणि वाटीतून चमच्याने खातात.