तीन चांदण्या

आमचे सर गेले, तेव्हा त्यांची टिपणे काकूंनी आमच्या हाती सोपवली. टिपणे म्हणजे एकच धारिका. अकरा वर्षांचे लेखन सरांनी एकाखाली एक टंकित केले होते. शीर्षके नाहीत, तारखा क्वचित. एक टिपण संपले की नव्या ओळीवर तीन चांदण्या, एवढीच काय ती खूण. मुद्रितशोधनासाठी हे लेखन आम्हां चौघांत वाटून घ्यायचे होते, आणि त्यासाठी धारिकेचे तुकडे करणे भाग होते.

युनिक्सच्या कुळातील संगणकांवर 'स्प्लिट' नावाची एक छोटीशी आज्ञा असते. १९७३ पासून ती या कुळात नांदते आहे. किती तुकडे हवेत तेवढे सांगावे, ती बाइट मोजून समान वाटे करते; मूळ धारिकेला धक्का लावत नाही. आम्ही चार वाटे मागितले. दुसरा उघडला, तो आरंभीच काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह! युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'त्रि' हे आपल्याला एक अक्षर दिसते. यंत्राच्या लेखी ती त, हलन्ताची खूण, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. सुरी त्यांत कोठेही पडू शकते. तिसऱ्या वाट्याच्या आरंभी एक एकाकी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उभी होती. तिचे व्यंजन मागच्या वाट्यातच राहिले होते. 'कॅट' या आज्ञेने चारही वाटे क्रमाने जोडले आणि अक्षरे पूर्ववत सांधली गेली. हरवले काहीच नव्हते. तरी क्षणभर आम्ही ओशाळलो.

मग ओळी मोजून कापून पाहिले. संख्या न सांगितल्यास ही आज्ञा हजार ओळींचा एक तुकडा धरते. पण यंत्राची ओळ म्हणजे सरांचा अख्खा परिच्छेद. अक्षरे शाबूत राहिली, टिपणे मात्र मध्येच तुटली. अखेर 'सीस्प्लिट' ही तिची भावंड आज्ञा हाती घेतली. ती मोजत नाही. सांगितलेली खूण शोधते आणि तेथे कापते. आम्ही चांदण्यांची खूण दिली, २१२ तुकडे झाले. गंमत अशी, की खुणेची ओळ ती पुढच्या तुकड्याच्या माथी ठेवते. सरांचा पूर्णविराम प्रत्येक नव्या टिपणाचा आरंभ ठरला.

त्यांतील एक टिपण दासबोधावर होते. वीस दशक, दर दशकात दहा समास, ही रचना सांगून सर विचारतात: व्याकरणात समास शब्दांना जोडतो, मग येथे ग्रंथाच्या विभागाला तेच नाव कसे? उत्तर येण्यापूर्वीच, त्याच परिच्छेदात, काकूंच्या शस्त्रक्रियेची रात्र सुरू होते. रुग्णालयातील बाकडे, थर्मासमधला गार झालेला चहा, आणि एक भीती, जी सरांनी आम्हांला कधी बोलून दाखवली नव्हती. चांदण्या नाहीत, साधी नवी ओळही नाही.

एका नियतकालिकाला दासबोधावरचा लेख हवा होता. आमच्यातील एकाने सुचवले, पूर्वार्ध छापू, उत्तरार्ध घरचा म्हणून ठेवू. सूचना व्यवहार्य होती. आम्ही ते वाक्य शोधलेही, जेथे कापता आले असते. तरी काकूंना विचारले. त्यांनी सारे टिपण वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "त्यांनी तिथं चांदण्या दिल्यात का?"

"नाही, काकू."

"मग तुम्ही नका देऊ."

लेख अजून छापलेला नाही. संपूर्ण छापण्याची परवानगी आम्ही मागितली नाही, अर्धा छापण्याची आता इच्छा नाही. तो तुकडा आमच्या वाट्याला आला होता. त्यातील ऱ्हस्वदीर्घ तेवढे आम्ही सुधारले.